विहिरीतला कोल्हा

करामा, दुबई
१२ जानेवारी २००१

ती. दादास सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, क्षमा कर. कारण सांगत नाही. जे सुचतं ते मलाच पटत नाही.

प्रमिलाआत्याची कॅसेट मिळाली. इथल्या बारा मराठी मुलांना मी आपली कोलामी गाणी शिकवते आहे. आत्याच्या आवाजात गोष्ट, मधली गाणी मुलांची, असा एप्रिलमध्ये कार्यक्रम आहे. पण कोल्हा विहिरीत पडतो आणि गोष्ट खलास. पुढे टेपवर नुसता आपल्या अंगणातला कोंबडा आरवतो. शेवट आत्याशिवाय कुणालाच येत नाही. आमची अस्मी म्हणते, इंटरनेटवर बघ.

लोभ पूर्वीइतका तरी असू दे.
प्रज्ञा

पांढरकवडा
२८ जानेवारी

चि. प्रज्ञास अ. आ.

आत्या म्हणते, हुंकार देणारं कुणी नसेल तर गोष्ट पुढे सरकणार कशी? मी देतो म्हटलं, तर म्हणाली, तू मास्तर, दुसऱ्या वाक्याला डुलकी घेतोस. ज्यांना ऐकायचंय त्यांनीच हुंकार द्यावा. वय ऐंशी, दात तीन, हट्ट मात्र बत्तीस. मुलांचे हुंकार कॅसेटवर पाठव.

दादा

पांढरकवडा
२६ फेब्रुवारी

चि. प्रज्ञास अ. आ.

कॅसेट पोचली. तुझी पोरं फार घाईची. आत्याचं पान चघळून व्हायच्या आत हूं. ती टेपवर दोनदा रागावली. एकजण मध्येच ओके म्हणतो, तो तिला आवडला.

कोल्हा अजून विहिरीतच आहे. पोरांमध्ये तुझा आवाज नाही, हे तिनं ओळखलं. आश्रमशाळेतून पहिल्या सुट्टीला आलीस, तेव्हा गोष्टीतल्या याच विहिरीपाशी तू हुंकार सोडून मराठीत 'मग काय झालं' विचारलंस म्हणे. तिनं गोष्ट तिथेच ठेवली. पस्तीस वर्षं कोल्हा गारठलाय, तूच काढ, असा निरोप आहे.

तब्येतीला जप. तिची बरी नसते.
दादा

करामा, दुबई
१० मार्च

ती. दादास सा. न.

आत्याने बरोबर पकडलं. मुलांपुढे मी नुसते हात हलवत होते, तोंड मिटून. उच्चार चुकेल ही भीती, की शाळेतली जुनी लाज, ते ठरत नाही. माझ्या कोलामीला हसणाऱ्या मुलींची नावं विसरले, हसू विसरले नाही. अस्मीने इंग्रजीत सुनावलं की आई, नुसतं हूं तर म्हणायचंय.

आणखी एक कबुली. शेळी कोल्ह्याला दोरीने वर ओढते, असा शेवट मीच रचून मुलांना शिकवला होता. काल खोडला. आत्याला सांगू नकोस, मला पुन्हा विहिरीत ढकलेल.

तिच्या पाया पडते. दोघांनी माझ्यावर रागवायचा हक्क असाच राखावा.
प्रज्ञा

उद्या: कोरी कॅसेट आणून एकटीने हुंकार देणे.