विषय शेती, प्रात्यक्षिकात नापास

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा प्राध्यापक भाऊ अखेर मातीत गेला. म्हणजे काम करायला. पर्यावरणाच्या वर्गात मी छोट्या शेतीवर तासभर बोललो, की घरामागच्या तुकड्यातही रसायनांशिवाय कुटुंबापुरती भाजी पिकते. एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही पिकवलीय का? एवढ्या वर्षांच्या संशोधनात हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! म्हणून विभागामागच्या पट्टीत वाफे घातले. प्राचार्यांना तिथे गाड्या लावायच्या आहेत. परीक्षा संपेपर्यंत काही पिकलं तर जागा आमची. सध्या गोगलगायी पालक खातात आणि मी मुलांना त्यांचं निसर्गातलं महत्त्व सांगतो.

भाची म्हणते, जिन्यावरून पडल्यापासून तू खाली उतरतच नाहीस. गुडघा बरा झालाय ना? मग?

रागावू नकोस, माया असू दे.
बापू

११ फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. उ. आ.

इतकी हसले की लेक स्वयंपाकघरातून धावत आली. तुझं व्याख्यान गोगलगायींना तरी पचलं म्हणायचं! रोपं मात्र तुझ्या वाक्यांसारखी लावली असशील, एकात एक घुसवून. विरळ कर.

गुडघा ठणठणीत आहे, धीर नाही. पहिल्या पायरीवर हात कठड्याला चिकटतो तो सुटतच नाही. खिडकीतून दिसतं तेवढं मला पुरे. यावर विनोद करू नकोस.

तब्येतीला जप.
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

प्राचार्य येऊन गेले. शिपायाने सुचवलं होतं, बाजारातून दोन भोपळे आणून वेलाखाली ठेवू. मोह झाला, खोटं कशाला सांगू! पण ते समोर उभे राहिल्यावर म्हटलं, साहेब, मी नापास. या मूठभर शेंगांत कुणाचं घर जेवणार नाही. पण इथे नुसता राडारोडा होता, आता खणलं की गांडुळं निघतात. अजून एक हंगाम द्या. ते म्हणाले, तुमच्या विभागाच्या अहवालांत आजवर सगळं यशस्वीच झालंय, अपयश पहिल्यांदाच ऐकतोय. अर्धी पट्टी दिली. उरलेल्या अर्धीत गाड्या, आणि पहिली माझीच स्कूटर!

ताई, विद्यार्थ्यांसमोर हे बोलताना मी फावड्याचा दांडा धरला होता, तो साहेब जाईपर्यंत सोडला नाही. हा विनोद नाही.

तुझाच,
बापू

२८ एप्रिल

चि. बापूस,
अ. उ. आ.

काल उतरले. बसून, एकेक पायरी घसरत, लहान पोरीसारखी. शेजारीण तोंड उघडं टाकून बघत होती. तिला म्हटलं, बघतेस काय, वर चढताना हात दे. फाटकापर्यंत गेले आणि तिथेच रडले.

शनिवारी लेकीबरोबर येते. पाठ टेकायची खुर्ची सावलीत ठेव. वाफे मी सांगेन तसे घालायचे, व्याख्यान द्यायचं नाही.

ताई