सरासरी वय एकवीस पॉइंट चार

२२ सप्टेंबर

...आणि दुसरं म्हणजे, अकरा बायकांसमोर मला 'बाळ्या' म्हणायची काहीएक गरज नव्हती. आत्या असेल घरी. कपिलधार रोडच्या या सीताफळाच्या गराच्या युनिटमध्ये ती मालकीण आणि मी एचआर अँड ऑपरेशन्स हेड. सध्या ट्रेनी, पण ते फक्त लेटरवर. ओळख करून देताना काय म्हणाली? ह्याला मी न्हाऊ घातलंय, इंग्लिश मीडियमचा हाय, ह्याचं ऐकत जा. आता कोण ऐकणार? बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

याला एजिझम म्हणतात. वय बघून माणसाची किंमत करणं. वय तेवीस म्हणून काय झालं?

सगळ्या बायकांना सांगितलं, मला सर म्हणायचं. सरूबाई नावाची एक पांढऱ्या केसांची बाई आहे, फळं निवडते. ती म्हणाली, बरं सर बाळा.

निश्चय : या जागेला प्रोसेस लावायची. आजच तक्रार निवारण समिती स्थापन. अध्यक्ष मी. वेगळा ईमेल काढला. नियम टाइप करून भिंतीवर चिकटवला : तक्रारी ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने निकाली निघतील, कोणाचीही वशिलेबाजी चालणार नाही. ऑटो-रिप्लायसुद्धा सेट केला. मस्त भाषा जमलीय.

२४ सप्टेंबर, सकाळी ११

आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनला संभाजीनगरला गेली. तीन आठवडे. जाताना म्हणाली, पुण्याच्या आइस्क्रीमवाल्यांचा पहिला लॉट सात तारखेला जाऊ दे, बाकी कशाला हात लावू नको. 'बाकी' म्हणजे काय, ते तिने डिफाइन केलेलं नाही.

सगळ्यांची आधार कार्डं गोळा करून एज ऑडिट केलं. गंमत म्हणजे सात जणींची जन्मतारीख एक जानेवारी! इथे काय एकाच दिवशी बाळंतपणं होतात का? असो, केक एकच लागेल.

सरूबाईचं कार्ड : १ जानेवारी १९५६. म्हणजे एकोणसत्तर. आणि ही बाई आपल्या कोल्ड चेनच्या एंट्री पॉइंटला बसलीय!

तिला विचारलं, तर म्हणते चौपन्न. मी गुगल केलं. चौपन्न म्हणजे फिफ्टी फोर. प्रूफ काय म्हटलं, तर म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात मी माईच्या कडंवर होते, माई खडी फोडायला जायची. मग कार्डावर जन्मसाल छप्पन कसं? म्हणे, आधारच्या कॅम्पातल्या पोरानं इचारलंच न्हाई, माझ्या केसाकडं बघितलं अन् टाइप केलं.

दुष्काळ हे डॉक्युमेंट नाही, हे तिला शांतपणे समजावलं.

२५ सप्टेंबर

सरूबाईला स्टॉपवॉच लावून बघितलं. पन्नास फळांच्या ट्रेमधून तिने नऊ उचलली. बाकीची ठेवून दिली. उद्या सहा, परवा बाकी, म्हणे. इतका स्लो थ्रूपुट मी कुठल्याच व्हिडिओत बघितलेला नाही.

कसं ओळखते विचारलं, तर म्हणाली, फळाच्या डोळ्यांमधल्या फटी बघायच्या अन् हातावर नुस्तं तोलायचं. अंगठा लावायचा न्हाई, दाबलं की उद्या तिथं काळं पडतं. म्हणजे थोडक्यात, प्रोसेस नाही. सगळं हिच्या हातात, आणि हात एकोणसत्तर वर्षांचे.

मी सॅम्पलिंग म्हणून तीस फळं दाबून बघितली. सगळी सारखीच लागली.

२७ सप्टेंबर

'यंग एनर्जी पॉलिसी' लागू. पंचेचाळीसच्या वर कोणी निवडीच्या टेबलावर नाही. समितीचा ऑटो-रिप्लायही पॉलिसीला जुळवून घेतला. चार जणींना लेटर दिलं. इंग्लिशमध्ये, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.

तिघी लेटरची घडी करून गेल्या. सरूबाई मात्र लेटर हातात धरून उभी. म्हणाली, सर बाळा, माझ्या आम्रपालीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय, एवढा शीजन काढू द्या, मग मी आपुनच बसते घरी. नंतर पोरगीच आली, ही आम्रपाली, नेकनूरहून एसटीने. फाडफाड बोलली. म्हणे, तुम्ही काम बघून काढलं की केस बघून? मी म्हटलं, ऑफिशियल चॅनलने या. पोरीने तिथेच उभं राहून, आई सांगेल तसं, तिच्या नावाने समितीला ईमेल केला. दोन सेकंदांत ऑटो-रिप्लाय गेला. तिने तो मोठ्याने वाचला :

'प्रिय सहकारी, आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. मात्र प्रत्येक कामाचं एक वय असतं. आपण हे मोठ्या मनाने स्वीकाराल अशी खात्री आहे.'

सरूबाईला विचारून बघितलं, समजलं का? ती म्हणाली, समजलं. मग डबा उचलून गेली.

सिस्टिम एकदम स्मूद चालतेय.

१ ऑक्टोबर

नवी टीम जॉइन! पाच जण, सरासरी वय एकवीस पॉइंट चार. जीवन त्यातला लीडर मटेरियल. ब्लूटूथ स्पीकर लावला, टीमचा रील बनवला. एनर्जी बघा! तीन तासांचं काम पंचेचाळीस मिनिटांत. या बायका इतकी वर्षं काय करत होत्या?

३ ऑक्टोबर

रंग ओळखणारं ॲप आणलं. कॅमेरा फळावर धरला की हिरवं म्हणजे कच्चं, पिवळं म्हणजे पिकलेलं. सहाशे फळं स्कॅन केली. सहाशे कच्ची. जीवन म्हणाला, सर, सीताफळ पिकलं तरी हिरवंच ऱ्हातं की. इतकी निगेटिव्हिटी या वयात? तरी ॲप बंद केलं. अपडेट येईपर्यंत अंगठ्याने चेक करायचं ठरलं.

५ ऑक्टोबर, दुपार

ट्रेमध्ये काळे डाग. बहुतेक हवामान. जीवन म्हणे, सर, सरूमावशीला एक फोन लावू का? माझ्या आईच्या गावची हाय. मी म्हटलं, आपण फ्यूचर आहोत, पास्टला फोन करत नसतो.

६ ऑक्टोबर

गर काढला. निम्म्या फळांचा गर बियांना चिकटून बसला, निम्म्यांचा पाणी झाला. मशीनमध्ये कच्च्या फळांबरोबर बियाही फुटल्या. चव थोडी कडवट. रंग पांढरा यायला हवा, आलाय चहासारखा. लेबलवर 'कॅरॅमल टोन' टाकू. पुण्याच्या लोकांना असलं प्रीमियम वाटतं.

७ ऑक्टोबर

लॉट वेळेवर रवाना. डेडलाइन पाळली. आत्याला मेसेज केला : टार्गेट अचीव्ह्ड. तिने अंगठा पाठवला.

९ ऑक्टोबर

लॉट परत. पुण्याच्या मॅनेजरने फोनवर विचारलं, तुमच्याकडे निवड कोण करतं? मी म्हटलं, एकवीस पॉइंट चार. तो म्हणाला, काय? मी नेटवर्कचा प्रॉब्लेम सांगून फोन ठेवला. पुढचा लॉट असा आला तर ऑर्डर कॅन्सल, असा ईमेल आलाय. आत्याला सीसीमध्ये ठेवायची काय गरज होती?

१० ऑक्टोबर

आत्या काठी टेकत आली. डिस्चार्ज आधीच घेतला. गराचा एक डबा उघडला, चमचाभर चाखला आणि बाहेर जाऊन थुंकली. हे किती अनप्रोफेशनल आहे! गाडीत बसली आणि थेट नेकनूर. मला मागच्या सीटवर घेतलं, काठी धरायला.

सरूबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. आत्याने पाया पडायचाच आविर्भाव केला, गुडघा वाकेना म्हणून राहिलं. सरूबाई म्हणाली, बसा ताई, पाय लांब करा, चहा टाकते. मी चहा नको म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

तिने तीन गोष्टी सांगितल्या. चौघी येतील, नाहीतर एकही नाही. निवडीचं टेबल तिचं, पगारही तसा. आणि पोरं ठेवा, जीवनला लहानपणापासून बघते, हात हलका हाय, त्याला शिकवते, चार वर्षांत माझ्यापेक्षा बराबर काढंल. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ह्यांना मातर टेबलापाशी येऊ देऊ नका, हे दाबतेत.

आत्या म्हणाली, कबूल. विचारसुद्धा केला नाही.

१३ ऑक्टोबर

माझं डेजिग्नेशन गेलं. आत्या म्हणे, बाळ्या, तुझं वय लहान हाय, दोन-चार वर्षं क्रेट धू, मग बघू. सगळ्यांसमोर! चौघी टेबलावर. जीवन सरूबाईच्या शेजारी स्टुलावर बसून तळहातावर फळ तोलतोय, डोळे मिटून. तोसुद्धा एकवीसचा. पण त्याला कोणी लहान म्हणत नाही. त्याची केस वेगळी असणार.

सरूबाईने मला ट्रेमधलं एक फळ दिलं. म्हणाली, खावा सर बाळा, आजचं हाय. गोड होतं. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा हा की, वय बघून माणसाला कामावरून काढणं हे उघड उघड डिस्क्रिमिनेशन आहे. मी गप्प बसणार नाही. क्रेट धुऊन झाल्यावर ओल्या हातांनीच समितीला ईमेल केला. तीन पानी. पॉइंट नंबर टाकून.

दोन सेकंदांत उत्तर. प्रिय सहकारी, आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. मात्र प्रत्येक कामाचं एक वय असतं.

किती उद्धट भाषा आहे ही. वाचताना अंगावर काटा आला.

असो. अध्यक्ष अजून मीच आहे, पासवर्ड कोणी मागितलेला नाही. इनबॉक्स उघडला. दोन तक्रारी पेंडिंग. माझी दुसरी. पहिली सत्तावीस सप्टेंबरची, न वाचलेली. एकच ओळ आहे : 'कार्ड चुकीचं हाय सर बाळा, पण फळं तर मी बराबर काढते न्हवं?'

नियम भिंतीवर आहे, माझ्याच सहीचा. आधी तिची निकाली काढल्याशिवाय माझी उघडता येत नाही. आणि तिची मंजूर केली, तर तिला काढणारा कोण होता, हे निकालात लिहावं लागेल. फेटाळली, तर माझ्या तीन पानांचं काय उत्तर द्यायचं, तेही आत्ताच ठरून जातं.

मी इथे क्रेटवर बसून अर्धा तास विचार करतोय. तुम्हीच सांगा, तुम्ही अध्यक्ष असता तर काय केलं असतं?