मोटारीला घर ठाऊक नसतं

आबा, इथे सकाळी बंदराच्या रस्त्याला उंटगाड्या लागतात. उंटाच्या गुडघ्यांना घुंगरं बांधलेली असतात, आणि वर पोत्यांवर गाडीवान आडवा पडून झोपलेला असतो. समुद्राकडून धुकं येतं. त्यात आधी घुंगरं ऐकू येतात, मग उंटाची मान दिसते, आणि गाडी हाताच्या अंतरावरून निघून जाते तरी वरचा माणूस जागा होत नाही. उंट आपला वळणावर वळतो, चढावर दमानं घेतो, आणि धुक्यात शिरतो. हे बघितलं की मी कराचीत आहे की आपल्या रनाळ्याच्या वाटेवर, ते थोडा वेळ कळत नाही. मी पुन्हा लहान होऊन कपाशीच्या बोज्यावर पालथा पडलेलो असतो, खाली चाकाची कुरकुर चालू असते, काका पुढे बसल्या बसल्या झोपलेले असतात, आणि दोन्ही पांढरे बैल कुणी न सांगता आम्हाला घरी आणत असतात. असं झोपेत घरी पोचण्याचं सुख मला पुढे कुठेच मिळालं नाही. सुरतेत नाही, मुंबईत नाही, इथे तर नाहीच.

तुम्हाला 'तुम्ही' लिहिताना हात अडखळतो. घरी आपण बापाला तूच म्हणतो. पण शाळेत चार वर्षं जे काही शिकलो त्यात कागदावर वडिलांना तुम्ही लिहायचं असं शिकवलेलं, म्हणून तुम्हीच लिहितो. तुम्ही गेल्यापासून मी एका जागी टिकलेलो नाही. माय म्हणायची तसं माझ्या पायाला भिंगरी आहे. सुरतेला गिरणीत होतो, मुंबईला गोदीत, मग एका जहाजावर कोळसा ओढत इथे उतरलो ते राहिलो. मी पावाच्या कारखान्यात आहे. डबलरोटी म्हणतात इथे. कारखान्याच्या मोटारी आहेत, पाच-सहा, बंद पेटीसारख्या, आत फळ्यांवर पाव रचलेले. छावणीत, दवाखान्यात, इराण्यांच्या हॉटेलांत सकाळी पाव पोचवायचा. आधी मी मोटार चालवत होतो. गेल्या पावसाळ्यापासून मालकानं त्या सगळ्या मोटारी माझ्या हवाली केल्या. कुणाचं लायसन संपलं, कुणाचा दिवा लागत नाही, कुणाचा ब्रेक सैल झाला, कुणाला आज पाठवायचं आणि कुणाला नाही, हे सगळं माझ्याकडे. मालक म्हणाला, पोलीस आला तर तुझं नाव सांगीन. हसून म्हणाला, पण खरंच म्हणाला.

तुम्हीही असेच अडकला होतात. शेठच्या कापूस पिंजायच्या जिनात आधी तुमच्या बैलगाड्या लागायच्या, तुम्ही गाडीवानांचे म्होरके. शेठनं मग लॉऱ्या आणल्या, आणि तुम्हालाच म्हणाला, माणसं तुमचीच बसवा. काल कासरा धरणारे हात आज चाकावर आले. मला ते दिवस आठवले की अजून हसू येतं. लॉरी थांबवायची झाली की सगळे पाय दाबायच्या आधी मागे रेलायचे, चाक छातीशी ओढायचे आणि तोंडानं हो हो करायचे. नवापूरच्या रस्त्याला उतारावर एकानं तर जीभ टाळ्याला लावून चुचकारलं होतं. तुम्ही मात्र रोज सकाळी लॉरीभोवती एक फेरी मारत होतात. ब्रेक दाबून बघायचा, चाकाला तळहात लावायचा, बोज्याचा दोर ओढायचा, दिव्याची काच पुसायची. शेवटी चालवणाऱ्याला उन्हाकडे तोंड करून उभं करायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं. कधी झोपलास, ते विचारायचं. माणूस खोटं बोलेल असं वाटलं तर माय विहिरीवर त्याच्या बायकोला विचारून यायची. त्यावरून गाडीवान चिडवायचे की फौजदार बरा, तो निदान घरवालीले इचारस नई. तुम्ही त्यांना हसू द्यायचात आणि फेरी चालू ठेवायचात.

तुम्ही गेल्यावर मोटारींचा नवा कायदा आला, आबा. सलग किती तास चालवायचं, मध्ये किती वेळ टेकायचं, बोजा किती, आणि चालवणाऱ्यानं चूक केली तर मालकाला काय, सगळं त्यात आहे. इथल्या एका वकिलाच्या कारकुनानं मला ते वाचून दाखवलं. माणसाच्या झोपेलासुद्धा कायदा झाला हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. बहुतेक नुसतं पागोटं नीट केलं असतं.

काकांचा दिवस सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही फक्त तुमच्या बाजूनं पाहिलात. थंडीचे दिवस आहेत. शेतांत दादर ज्वारी कंबरेच्या वर आलेली, हिरवी, कणसं भरत आलेली. काका पुढच्या लॉरीवर आहेत, मागे रुईच्या गाठी. तुम्ही आणि मी मागच्या लॉरीत. रस्ता सरळ, ऊन कोवळं, कुणाची घाई नाही. आणि पुढची लॉरी हळूच रस्ता सोडते. आदळत नाही, भेलकांडत नाही. एखादं जनावर बांधावर उतरावं तशी ती उतरते, दादरीत शिरते, दोन्ही बाजूंनी ताटं आडवी होत जातात आणि मधोमध उभी राहते. इंजिन घुरघुरत बंद पडतं. मग एवढी शांतता की चिमण्या परत येऊन बसल्या. आपण धावत गेलो तर काका खाली उतरून धोतर झटकत होते. शेतवालाही आला. त्यानं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "दादा, मोटारले भूक लागनी व्हती. दादर दखी नि उतरनी." शेतवाला आधी हसला. मग मी हसलो, सगळेच हसलो. गाडीवान पुढे किती दिवस ते वाक्य एकमेकांना सांगत होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही लॉरीच्या पुढे चालत गेलात, दादर संपते तिथपर्यंत. तिथे पायवाट होती, आणि पायवाटेवर डोक्यावर भाकऱ्या घेऊन बाया शेतावर चालल्या होत्या. त्या थांबून आपल्याकडे बघत होत्या. तुम्ही त्यांच्याकडे बघत उभे राहिलात. मग परत आलात.

जिनात पोचल्यावर सगळे गाडीवान जमले होते, शेठ गादीवरून उठून बाहेर आला होता. तुम्ही काकांसमोर हात केलात आणि लॉरी सुरू करायचं हँडल मागितलं. काकांना वाटलं पुसायला घेताय. त्यांनी दिलं. तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "आजपाईन तू मोटारवर बसानं नई." काकांचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. ते एवढंच म्हणाले, "मन्हा डोया उघडा व्हतात, दादा." शेठच मध्ये पडला, म्हणाला जाऊ द्या, नुकसान तर काही झालं नाही, शेतवाल्याचं मी बघतो. पंचक्रोशीत काकांसारखा गाडी हाकणारा नव्हता, हे शेठलाही ठाऊक होतं. पण तुम्ही ऐकलं नाहीत.

घरी माय चुलीपुढे बसली होती. दोन भावांची ताटं एका वेळी वाढायची तिची सवय, त्या दिवशी एकच ताट समोर आलं. तिनं भाकरी तव्यावरून तुमच्या ताटात टाकली, वाढली नाही, टाकली. म्हणाली, बैल म्हातारा झाला की दावं सोडतात, तुम्ही तर ऐन कामातला भाऊ सोडलात, तोही चार माणसांत. मलाही राग आला होता. मी म्हणालो काकांनी कुणाला खरचटूही दिलं नाही. तुम्ही ठेच्याला हात लावला नव्हता अजून. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "बैलले घर ठाऊक ऱ्हास. मोटारले काय ठाऊक शे? गाडी कोन चालाडी ते मांगे इचारतीन. कोन धाडी ते पहिले इचारतीन." चालवली कुणी ते नंतर, धाडली कुणी ते आधी, हे ऐकून मी ताटावरून उठलो. मला ते कचेरीतलं बोलणं वाटलं, फौजदाराला घाबरलेल्या माणसाचं. कायदा म्हणजे तुम्हाला भावापेक्षा जवळचा, असं मी ठरवून टाकलं, आणि त्यानंतर आपल्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. काका तुमच्याशी तेवढंही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा गाडी जुंपली. जिनातली लॉरी मागून आली की ते लांबूनच बैल बाजूला घ्यायचे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत थांबून राहायचे.

तुमची राख प्रकाशा गावी तापीत सोडायला काकांचीच गाडी होती. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. येताना गाडीत आम्ही दोघंच. दुपार होती, दोन्हीकडे मोकळी काळी जमीन, वर घारी फिरत होत्या. बैल घराकडे निघालेले, त्यांना सांगायची गरज नव्हती, तरी काका कासरा घट्ट धरून ताठ बसले होते. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःहून त्या दिवसाचं काढलं. म्हणाले, डोळे उघडे होते हे खरं. समोर रस्ता दिसत होता, तोही खरा. पण लॉरीच्या नाकापुढे त्यांना आपले दोन्ही बैल चालताना दिसत होते, पांढरे, शिंगांना गोंडे, पाठी हलताहेत, शेपटीनं माशा वारताहेत. इतके स्पष्ट की त्यांच्या अंगाचा वास येत होता. "बैल व्हतात ना पुढे," काका म्हणाले. "मी कासरा ढीला सोडी दिन्हा." चाकावरचे हात त्यांनी मांडीवर ठेवले आणि निवांत बसले. दादर अंगाला लागायला लागली तेव्हा बैल गेले. हे तुमच्याजवळ कधी बोलता आलं नाही म्हणाले. चार माणसांत जे गमावलं ते एकट्यात कसं मागायचं, असं काहीतरी पुटपुटले. मला आठवतंय, त्या दिवशी मला गाडीत झोप आली नाही.

आता इथलं. इथे एक चाचा आहे, बलुची किनाऱ्यावरचा मकराणी, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्याचा जन्म उंटगाडीवर गेला, उतारवयात मोटार शिकला. जहाजावरून उतरलो तेव्हा मला हे शहर त्यानंच दाखवलं, मोटारही त्यानंच हातात दिली. मालकाकडे माझ्यासाठी शब्द टाकला तोही त्यानं. शुक्रवारी मी त्याच्या घरी जेवतो. त्याची म्हातारी मला मासळीतले काटे काढून देते, कारण आमच्याकडे मासळी खायची रीत नव्हती हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. काल सकाळी मी चाचाच्या मोटारीत शेजारी बसून छावणीकडे निघालो. धुकं होतं, पावाचा ऊन ऊन वास, चाचा गुणगुणत होता. मग गुणगुणणं थांबलं. मी वळून पाहिलं. डोळे उघडे होते. चेहऱ्यावर इतकं समाधान की क्षणभर मलाच बरं वाटलं. आणि हात मांडीवर होते. मी चाक धरलं तेव्हा समोर एक बाई डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन रस्ता ओलांडत होती. तिचा पदर मोटारीच्या नाकाला लागून गेला. ती गेली, तिनं मागे पाहिलंही नाही. चाचा म्हणाला, क्या हुआ बेटा, मैं तो देख रहा हूँ. आणि तो खोटं बोलत नव्हता, आबा. त्याला काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

काल दुपारी मी वळकटी बांधली. इथून उठून दुसरीकडे जायचं, ही माझी जुनी वाट. इराकात बसऱ्याला माणसं पाहिजेत असं ऐकलं होतं. चाचाला थांबवणारा मी नसलो तर दुसरा कुणी थांबवेल, किंवा नाही थांबवणार. पण वळकटीवर बसलो आणि ती बाई डोळ्यांसमोरून हलेना. दादर संपते त्या टोकाला तुम्ही एवढा वेळ कशासाठी उभे होतात, ते तिथे बसल्यावर मला कळलं. मी ते इतकी वर्षं फौजदाराच्या नावावर लावलं होतं.

आज सकाळी चाचा आला. त्याची मोटार मी बाहेर काढलीच नव्हती. मी म्हणालो, गाडी दुरुस्तीला आहे. चाचा शेडमध्ये गेला, मोटारीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या दिव्यावरून हात फिरवला. तिला काहीही झालेलं नाही हे त्याला दिसलं. परत येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. बाकीच्या मोटारी एकेक करून निघून गेल्या, फाटकातून धुकं आत येत राहिलं. मग त्यानं विचारलं, "कल भी दुरुस्ती में रहेगी?" मी मान हलवली. "परसों भी?" मी पुन्हा हलवली. त्यानं उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो फाटकातून चालत गेला. मालकाशी बोलून त्याला कारखान्यात भट्टीजवळ बसायचं काम मिळवून देईन म्हणतो. घेईल की नाही, ठाऊक नाही. शुक्रवारी जेवायला जाईन की नाही, तेही नाही.

हा कागद टपालात पडणार नाही, पडला तरी कुठे जाणार. तुम्हाला एकच सांगायचं होतं, ते शेवटावर आलं. तुम्ही भावाला तोंडावर सांगितलंत, भरल्या जिनात, आणि तो तुमचा कठोरपणा म्हणून मी तुमच्यापासून दूर झालो. माझ्यासमोर आज एकच माणूस होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही. मी मोटारीवर ढकललं, आणि त्यानं ते मला ढकलू दिलं.