पांघरूण तेवढंच

प्रिय भाऊजी,

घ्या की, त्या कंपनीचे शेअर आणखी घ्या! स्वस्त मिळाले म्हणून एकाच पायाचे दोन बूट घरी आणणारे तुम्ही, तुम्हाला मी कोण अडवणार?

पण आधी ऐका. ही पंपांची कंपनी ह्यांनी आपल्या दोघांच्या गळ्यात बांधली आणि स्वतः सुटले. भाव पडला की ह्यांची कळी खुलायची. दवाखान्यातल्या खाटेवरूनही मला म्हणाले, स्वस्त झालाय, घेऊन टाक. आणि मी येडी, घेतले. कंपनीचे एकूण शेअर किती झालेत, ते आम्ही दोघांनी कधी बघितलंच नाही.

ह्यांच्या माघारी करमेना, म्हणून कंपनीच्या नोटिसा वाचायला लागले. पंप खपत नाहीत, गल्ला रिकामा, तरी दर थोड्या दिवसांनी गोड बातमी: भांडवल उभारणार. म्हणजे नवे शेअर काढणार. मग सभा बोलवायची, एकूण किती शेअर काढता येतील ती मर्यादा वाढवून घ्यायची. सावकाराला द्यायला पैसे नाहीत, तर त्याला बाजारापेक्षा कमी भावात शेअर द्यायचे. तो ते लगेच बाजारात ओततो, भाव आणखी खाली. आपले शेअर तेवढेच दिसतात हो, पण कंपनीतला आपला वाटा आटत जातो. पांघरूण एकच आणि आत शिरणारे रोज नवे. आपले पाय कधीचे उघडे पडलेत आणि आपण म्हणतोय, काय छान वारा सुटलाय!

परवाच्या नोटिशीत हे सगळं एकदमच आलंय. शेअरची मर्यादा तिप्पट करणार आहेत.

वाचलं आणि तुमचं सायकलचं दुकान डोळ्यांपुढे आलं. मालक गाळा विकायला निघालाय, तुमची सगळी पुंजी या शेअरमध्ये, आणि तुम्ही भाव वर यायची वाट बघत पंक्चर काढत बसलाय. तो येत नाही आता, भाऊजी.

तुम्ही म्हणाल, मग वहिनीनं फोन का नाही केला? मुद्दाम नाही केला. त्या शेअरला घेणारे असतात किती, मूठभर. दोघांनी एकदम काढले असते तर दोघांचेही पडून राहिले असते. आज बाजार उघडल्या उघडल्या मी माझे सगळे विकले. शेवटी शेवटी घेणारा कुणी उरला नव्हता. मग चहा घेतला, आणि तुम्हाला पत्र लिहायला बसले.

अजूनही तुमचीच,
वहिनी