न उचललेला पेला

अबू जवाद,

जवादचा बाप म्हणून अख्खं कतीफ तुम्हाला अजून याच नावाने हाक मारतं, म्हणून मीही मारते. सिकलसेलच्या पोरांसाठी तुम्ही वॉर्ड बांधून दिलात, दारावर आपल्या जवादचं नाव कोरलंत. छान दिसतं. त्याला बहिणीच्या हाडातला मगज हवा होता, नाव नव्हे.

तलाक देताना तुम्ही धडधाकट बतूल ठेवून घेतलीत आणि आजारी पोरगा माझ्या पदरात टाकलात. पुढे तिचाच मगज त्याला जुळला, तेव्हा मी तुमच्या दारी आले. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला ओठ लावत नाही, म्हणून पेला तसाच खाली ठेवला. तुम्ही हसलात.

"पी गं, गार होतेय. पोरीच्या कमरेत सुया टोचल्याचं बाहेर कळलं, तर तिला करून कोण घेईल?"

त्याच हिवाळ्यात जवाद गेला.

काल बतूलला मागणी घालायला निघालेली मुलाची आई आधी माझ्याकडे आली. तिनेही पेला खाली ठेवला.

"खरं सांग बाई, मुलगी निरोगी आहे ना?"

"भावाला वाचवण्याइतकी निरोगी आहे. बापाने वाचवू दिलं नाही."

ती कॉफी न पिताच उठली आणि तुमच्याकडे न येता घरी परतली.

आता तुम्ही मला शिव्या घालत असाल. खुशाल घाला. हे पत्र मात्र मी धाडणार नाही. "आई, विचारलं तर हेच सांग," असं मला बतूलनेच बजावलं होतं, आणि तिला अजून तुमच्याच घरात दिवस काढायचेत.

जवादची आई