यमक नसलेला उखाणा

परभणी,
२५ जानेवारी १९९१

ती. माणिकमामांना सुमंगलाचा वाकून नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? पॉवरहाऊसचे जिने चढणं कमी केलंत असं मामी कळवतात, पण त्या आपल्यासमोर बसून पत्र लिहितात, त्यामुळे त्या माहितीवर मी विसंबत नाही. मामींचा खोकला थांबला असेल. येलदरीला पाण्याच्या कडेला थंडी जास्तच पडते, तरी त्यांनी पहाटे सडा घालायला बाहेर पडू नये. मी बरी आहे. (हे सवयीने लिहिलं गेलं. पुढचं वाचून आपण ते खोडलं तरी चालेल.)

आमच्या वसतिगृहात सध्या युद्धकाळ चालू आहे. लढाई इराक आणि अमेरिकेची, आपला देश तीत नाही, हे मी मंडळाच्या बैठकीत सांगून पाहिलं. पण रॉकेल मिळेनासं झालं, खानावळीतले स्टोव्ह आळीपाळीने पेटू लागले, आणि आमच्या भगिनी मंडळाची अध्यक्ष, झरीची मनकर्णा हिने युद्धात उतरायचं ठरवलं. आंघोळ गार पाण्याने. भाजी एकच, आणि तिला नावं ठेवणारीने दुसऱ्या दिवशी ती चिरायची. शिवाय मंडळात प्रत्येक वरच्या वर्गातली मुलगी पहिल्या वर्षाच्या एकीची ताई होते, तिच्या तेलफणीपासून परीक्षेपर्यंत सगळं बघते. त्या ताईने युद्धकाळात धाकटीचं मनोधैर्यही बघावं, असा ठराव झाला. माझी धाकटी पिंगळीची आहे. रेल्वेची शिट्टी ऐकली की तिला घर आठवतं आणि ती रडते. इथे शिट्टी सारखीच ऐकू येते. तिचं मनोधैर्य मी सोडून दिलं आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणून माझ्याकडे बातम्यांचं खातं आलं. खरं सांगायचं तर ते मी मागून घेतलं. आश्रुबाकाकांचा सुगत दमामला आहे, हे आपल्याला माहीत आहेच. दमाम सौदीत, लढाईच्या अगदी तोंडाशी. लढाई पेटल्यापासून त्याची काही खबर नाही. फोन लागत नाही. शाळेत असताना आम्ही एकाच एस.टी.ने जिंतूरला जात होतो, तेव्हा चौकशी करणं साहजिक आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

वसतिगृहाचा जुना रेडिओ मी दुरुस्त केला. शॉर्टवेव्हवर लंडनसारखी लांबची स्टेशनं ऐकायला उंच आणि लांब एरियल लागते. अशी तार गच्चीवर आयतीच होती, कपडे वाळत घालायची. मी तिच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले आणि तिच्यावर कपडे टाकायला बंदी केली. (ओल्या साडीमुळे तारेतला सिग्नल भिंतीवाटे जमिनीत जातो. हे मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. कुणी आकृती बघितली नाही.) परिणामी सगळ्या वसतिगृहाचे कपडे पुढच्या कुंपणावर वाळू लागले, आणि समोरच्या रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली. खानावळीच्या गीताबाई मला म्हणाल्या, "तुज्या त्या लंडनला म्हणावं, एक दिस सुट्टी दे. माजं लुगडं वाळंना झालंय."

रथसप्तमीला मंडळाचं हळदीकुंकू होतं. प्राचार्यांच्या सौभाग्यवती विमलाबाई मुख्य पाहुण्या. तिळगूळ झाला, वाण म्हणून प्रत्येकीला काडेपेटी दिली (युद्धकाळ), आणि जमलेल्या बायकांचे उखाणे सुरू झाले. ध्वनिक्षेपकाची जबाबदारी माझी. एकीचं नाव घेऊन झालं की माईक पुसून दुसरीच्या हातात द्यायचा, एवढंच काम. चोंगा गच्चीवर, तोंड बसस्टँडच्या रस्त्याकडे. कारण मनकर्णाला वाटत होतं की मुलींच्या वसतिगृहातही संस्कार असतात हे गावाला कळावं.

बातम्यांची वेळ झाली म्हणून मी एका कानाला रेडिओचा इअरफोन लावला. माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. बोलणं नसेल तेव्हा माईक बंद ठेवावा, अशी सूचना मीच अँप्लिफायरवर चिकटवलेली आहे. माझ्याच अक्षरात. बातम्यांत निवेदकाने सांगितलं की रात्री दमामच्या बाजूला क्षेपणास्त्र पडलं, नुकसानीचा तपशील नाही. आणि मी म्हणाले, "आमचा सुगत तिथंच हाय."

आमचा. हाय. इथे आल्यापासून मी इतकी जपून बोलते, आणि नेमकं तेव्हा येलदरी तोंडातून बाहेर पडली. ती बसस्टँडपर्यंत गेली.

मग गीताबाई उठल्या. "यमक न्हाई जुळलं, पर नाव घेतलं बगा पोरीनं! लय दिवस दाबून ठिवलं व्हतं. भरा वटी!" टाळ्या सुरू झाल्या. माझी धाकटी आनंदाने रडली. त्या गलक्यात विमलाबाईंनी मला जवळ बसवलं आणि अगदी मायेने विचारलं, "सुगत का? छान नाव. आडनाव काय?"

मामा, सर्किटमध्ये चूक झाली तर मी ती शोधते. इथे चूक कुठली ते मला त्याच क्षणी दिसत होतं आणि तरी मी दुसरी केली. मी म्हणाले, "आमच्या माणिकमामांचा मुलगा."

आता मामाचा मुलगा म्हटल्यावर कुणाला काय हरकत असणार! नातं घरातलं, नाव घेतलेलं, मुलगा परदेशात. गीताबाईंनी तांदूळ आणले, विमलाबाईंनी स्वतःच्या हाताने माझी ओटी भरली, मनकर्णाने मंडळाच्या वतीने नारळ दिला. मी पदर पुढे धरून बसले होते. एवढ्या बायकांना माझ्यासाठी झालेला आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि त्यातला एक दाणासुद्धा माझ्या हक्काचा नव्हता.

आपल्याला दोन मुलीच आहेत, याची मला पूर्ण कल्पना आहे. परंतु विमलाबाई लग्न कधी ते विचारायला आपल्याला पत्र टाकणार आहेत. तरी कृपा करून आपण उत्तरात एवढंच लिहावं, की मुलगा दमामला आहे आणि लढाई संपल्यावर बघू. यात निम्मं खरं आहे. कळावे, लोभ आहेच. मामींना नमस्कार आणि धाकट्या दोघींना आशीर्वाद सांगणे.

आपली भाची,
सुमंगला

ता. क. एरियलची तार मी कपड्यांना परत दिली. गीताबाईंचं लुगडं वाळलं.

ता. क. वर मागितलं ते देऊ नका. विमलाबाईंचं पत्र आलं, तर 'मला मुलगा नाही' असं सरळ लिहा. पुढचं मी बघेन. ओटी भरताना मला लाज वाटत होती ती नाव तोंडातून निघाल्याची नव्हती. आडनाव विचारल्याबरोबर मी त्याला त्याच्या घरातून उचलून आपल्या घरात आणून बसवलं, आणि तसा तो सगळ्यांना लगेच चालला, त्याची होती.

ता. क. हे पत्र मी मुळात एकाच कामासाठी लिहायला बसले होते. आश्रुबाकाका आणि आपण एका पाळीत काम केलंत, पण नामांतराच्या त्या पावसाळ्यात लोक त्यांच्या वस्तीवर धावून गेले, तेव्हापासून आपण त्यांच्या दारात गेला नाहीत, असं मामी एकदा म्हणाल्या होत्या. आपण काही केलं नाहीत, हे मला माहीत आहे. काहीच केलं नाहीत. आता एक करा. कामावरून येताना त्यांच्या घरी जा आणि सुगतच्या आईला, बायनाबाईंना विचारा, त्याचं काही कळलं का. माझं नाव सांगितलं तरी चालेल. कळलं असेल तर मला तार करा, नसेल तरीही करा. उभ्या उभ्या विचारून परत फिरू नका, बसा. त्या चहा करतील. तो प्या.