वाकडी म्हणून ठेवलेली काठी

आबा, काल मी नांदेडला जाऊन एक काठी विकत आणली. तुमच्या बिलियर्डची नाही, पूलची. आता पोरं पूल खेळतात. टेबल लहान, बॉल मोठे, आणि काठी मधे पेच फिरवून दोन तुकड्यांत पिशवीत मावते. तुमची पणती, माझी नात, तिथं कॉलेजात आहे. मोबाइलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रोज खेळते, आणि बरी खेळते म्हणे. भाड्याच्या काठ्यांची टोकं उडालेली असतात, आजी, मला माझी एक घेऊन दे, असा तिनं दिवाळीपासून धोशा लावला होता. गुडघे धरून गेले बाई एकदाची. दुकानात तुमची आठवण येणार हे ठाऊक होतं, पण तुमच्या मागोमाग खानसामाही आला, आणि तो काही जाईना. चाळीस वर्षं होऊन गेली. लातूरच्या क्लबातली तुमची काठी साहेबानं नेली तेव्हा तिचं गुपित तिथल्या खानसाम्यानं फोडलं, असा आळ तुम्ही घेतला होता. त्यानं सांगितलं नव्हतं, आबा. मी सांगितलं होतं. एवढं लिहायला आज सकाळपासून तीनदा चहा करून झाला. मधेच नळ आला म्हणून भांडी भरत बसले, तेही बरंच वाटलं.

दुकानदारानं काचेवर चार काठ्या मांडल्या. "काकू, ही इम्पोर्टेड हाय, डोळे झाकून घ्या," म्हणाला. मी म्हटलं, "डोळे झाकले तर बघू कशानं?" पणती लाजून दुसरीकडं बघायला लागली. पहिली चिनी होती, तिच्यावर रंगीत साप काढलेला, पण बूड हलकेच फरशीवर टेकवलं तर जोडातून बद्द आवाज आला. दुसरी मेरठची. लाकूड चांगलं, खोटं कशाला बोलू, पण बोटावर तोलून धरली तर सगळा भार पुढं. तासभर खेळली की मनगट भरून येणार. तिसरीवर मोठ्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात. पोरीचा जीव तिच्यावरच जडलेला. दुकानदारानं ती काचेवर लोळवून दाखवली, गुळगुळीत फिरली. मी उचलून डोळ्याला लावली. सरळच होती. पण टोकाकडं लाकडाच्या रेषा आडव्या बाहेर पळालेल्या. असलं लाकूड दोन उन्हाळ्यांत वाकून पाठ फिरवतं, हे तुमचंच म्हणणं. चौथीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. साधी, पिवळट मेपलची, रेषा बुडापासून टोकापर्यंत एकमेकींना धरून गेलेल्या, जोड घट्ट, टोकाचं चामडं नखानं दाबलं तरी सुटलं नाही. मी म्हटलं, हीच. पोरगी फुगली. "आजी, हिला कुणी ओळखत पण नाही." "तुला बॉल मारायचाय का ओळख करून द्यायचीय?" म्हटलं. बाहेर येऊन उसाचा रस पीत होतो तेव्हा ती विचारते, तुला हे सगळं कुणी शिकवलं? माझ्या आबांनी, म्हटलं. ते खेळायचे? म्हणाली. मला पटकन हो म्हणता येईना.

कारण तुम्ही नांदेडच्या साहेब लोकांच्या क्लबात मार्कर. साहेब खेळणार, तुम्ही भिंतीशी उभं राहून गुण सांगणार, खडू देणार, टेबलावरच्या हिरव्या बनातीच्या कापडाला इस्त्री करणार. एखाद्या साहेबाला जोडीदार नसला तर खेळायचं, आणि हरायचं. तेही असं हरायचं की त्याला कळू नये. तुम्ही घरी येऊन माईला सांगायचात, "आज लई मेहनतीनं हारलो," आणि दोघं हसायचात. बाहत्तरच्या दुष्काळात साहेब लोक सगळे खडी फोडायच्या कामांवर देखरेखीला गेले, आणि नांदेडचा क्लब कित्येक महिने बंद राहिला. माणसाला प्यायला पाणी नव्हतं, लाकडाची कोण काळजी करणार? उघडून बघितलं तर रॅकमधल्या सगळ्या काठ्या वाकलेल्या, एक सोडून. ती तुम्ही ओळखली. तिच्या मुठीला सुतळीचा बारीक तुकडा सरसानं चिकटवलात आणि वर काळा रंग दिलात. आता ती टेबलावर लोळवली की टुणटुण उडायची. नव्या काठ्या आल्या तरी ही शेवटच्या खाचेत राहिली. कुणी हात लावला की तुम्ही म्हणणार, "ती वाकडी हाय साहेब, दुसरी देतो." मी एकदा विचारलं, असं का करता? तुम्ही म्हणालात, "लोळवून बघनाऱ्याला काठी कळत न्हाई बाई, त्याला कशाला द्यायची?" मग म्हणालात, "आन् एखादी तरी आपली आसावी की."

लातूर जिल्हा झाला. मला नव्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. तिकडं साहेबांचा नवा क्लब निघाला, तर नांदेडनं आपलं जुनं टेबल देऊन टाकलं, आणि टेबलासोबत काठ्या, आणि काठ्यांसोबत तुम्ही. माई हसून म्हणाली होती, सामानाच्या यादीत तुझ्या आबाचं नाव कितव्या नंबरला हाय बघ. त्या क्लबातला खानसामा उदगीरचा. तुम्हाला पहिल्या दिवशी त्यानं आपल्या कपजोडीतला कप दिला, नांदेडला तुमचा कप खिडकीत वेगळा असायचा. दुपारी क्लब रिकामा असतो. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन येते आणि दारातून बघते: तुम्ही ती वाकडी म्हणून ठेवलेली काठी घेऊन टेबलावर वाकलेले आहात, आणि खानसामा पिठाचे हात तसेच धरून मोठ्यानं गुण मोजतोय. वीस. तीस. "वा उस्ताद!" तुमचा चेहरा घरी असतो तसाही नाही आणि साहेबांसमोर असतो तसा तर नाहीच. मी डबा खाली न ठेवता उभीच राहायची. सुतळीचं गुपित फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि मला.

एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी तुम्हाला न्यायला आले, तर तुम्ही इस्त्रीला कोळसे आणायला मागं गेलेले. नवा आलेला साहेब काठ्या बघत होता. त्यानं ती लोळवली, ती उडाली. तो सोबतच्या साहेबाला म्हणाला, "हा कसला मार्कर? इतकी वर्षं वाकडी काठी रॅकमध्ये ठेवतो. याला घालवून नवा बघा." मी दारात होते. दिवसभर त्याचीच पत्रं टाइप करून बोटं दुखत होती. माझं डोकंच फिरलं आबा. म्हटलं, "साहेब, लोळवून नका बघू, डोळ्याला लावून बघा. तिच्याइतकी सरळ काठी अख्ख्या रॅकमध्ये नाही. आबांनी मुद्दाम ठेवलीय." त्यानं डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं. मग नखानं ती सुतळी चाचपून बघितली आणि हसला, वाईट नव्हे, खूश होऊन हसला. मलाही बरं वाटलं, देवाशप्पथ बरं वाटलं. याला कळलं आता माझे आबा कोण आहेत ते, असं वाटलं. तुम्ही कोळसे घेऊन आलात तेव्हा काठी जागेवर होती. महिन्याभरात त्याची बदली झाली आणि तो क्लबची आठवण म्हणून ती घेऊन गेला.

तक्रार कुठं करणार होतात? क्लबची काठी, क्लबचा साहेब. रिकाम्या खाचेसमोर तुम्ही उभे राहिलात, आणि मग सरळ मुदपाकखान्यात गेलात. खानसामा चुलीपाशी होता. "मी न्हाई बोललो भाई," एवढंच तो म्हणाला, एकदाच. त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या हातचा चहा सोडलात. दुपारचं खेळणंही सोडलंत. दुसरी कुठलीही काठी घेऊन खेळता आलं असतं, तुम्हाला काय अवघड होतं? तुम्ही बाकावर बसून राहायचात आणि तो आत भांडी वाजवत राहायचा. पुढं तो उदगीरला परत गेला. तो वारल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही बनातीला इस्त्री करत होतात, आणि करतच राहिलात. मी मातीला जाऊ या म्हटलं. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत.

आता हे पत्र पाठवायला पत्ता तर नाहीच, आणि असता तरी पाठवलं नसतं, हे मला आताच लिहिता लिहिता कळलं. सकाळपासून मी दुकान लिहिलं, दुष्काळ लिहिला, साहेब लिहिला, आणि स्वतःला त्यात पुष्कळ चांगली करून घेतलं. रागात बोलून गेले, बापाच्या अभिमानानं बोलून गेले. ते खरंच आहे. ते तुम्ही हसून सोडूनही दिलं असतंत. पण रिकामी खाच बघितलीत त्याच संध्याकाळी स्टँडकडं चालत येताना तुम्ही थांबला होतात. खानसाम्याचं म्हणणं तुमच्या मनातून जात नव्हतं. "त्यो खोटं बोलायचा मानूस न्हाई गं," म्हणालात. "तू तिथं येत जात असतीस. खरं सांग, त्यो बोलला आसल का?"

मी म्हटलं, "हाव. मी ऐकलं."

"तू म्हनतीस तर आसल," म्हणालात, आणि माझ्या हातातला रिकामा डबा स्वतःच्या हातात घेऊन चालायला लागलात.